खाडीच्या तोंडावरचा गमछा

सहा वर्षं झाली, टगरच्या घरातून दिवसाउजेडी धूर निघाला नव्हता. सूर्य वर यायच्या आत ती भात रांधून मोकळी व्हायची, नाहीतर सरळ दिवेलागणीला चुलीपुढं बसायची. मधे भूक लागली तर पाण्यात घातलेला शिळा भात, मीठ आणि कांदा. डोक्याला तेल नाही, अंगाला साबण नाही, भांगात शेंदूर नाही, हातात शंखाच्या बांगड्या नाहीत. दाराला कुलूप तर नाहीच, साधी कडीसुद्धा नाही.

घरधनी जंगलात गेला की सातजेलिया बेटावरची प्रत्येक बाई अशीच राहते. मध काढायला जावो, मासे मारायला जावो की खेकडे धरायला. तो तिकडं आहे तोवर ही असून नसल्यासारखी. मग एक दिवस नावा घाटाला लागतात, बायका नदीत डोकं धुतात, भांग भरतात, बांगड्या चढवतात आणि भर दुपारी मासे तळतात. टगरचा नवरा खगेन खेकड्यांना गेला तो परत आलाच नाही. म्हणून टगर अजून नेमात होती.

गावातल्या बाया म्हणायच्या, "अगं, विधवा झालीस तू. अंगावरच्या खुणा सगळ्या त्याच. आता फरक काय राहिला?"

टगर म्हणायची, "फरक कसा नाही? विधवा वाट बघत नाही."

आता ही टगर कोण, तर अनुकूल मृधाची पाठची बहीण. आणि अनुकूल मृधा कोण हे गोसाबापासून लाहिरीपूरपर्यंत कुणाला सांगावं लागत नाही. 'मा शीतला' लाँचचं चाक वीस वर्षं त्याच्या हातात आहे. शनिवारी सकाळी कलकत्त्याचे पाहुणे चढतात, दोन दिवस कांदळवनात फिरतात, हरणं, मगरी, पक्षी बघतात आणि रविवारी संध्याकाळी घरी जातात. तीन नद्या जिथं एकमेकींच्या अंगावर येतात तिथं अनुकूल लाँच अशी वळवतो की पाहुण्याच्या कपातला चहा हलत नाही. हे तो स्वतःच सांगतो, पण खोटं नाही. ज्यानं बघितलंय त्यानं बघितलंय. शाळा सहावीपर्यंत. मृधांच्या घरात तेवढी पुरते, कारण नदी काही पुस्तकात बसत नाही.

आणि बहीणही तशीच. दहा-अकरा वर्षांची असताना कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून कोळंबीचं बी धरायला जाळं ओढायची. एकदा मगर आली. बाकीच्या पोरी किंचाळत बांधावर. टगरनं हातातलं जरमलचं पातेलं मगरीच्या थोबाडावर हाणलं, वर म्हणाली, "जा की, नदी काय कमी पडली?" आणि पातेलं वाकलं म्हणून घरी आईचा मार खाल्ला. ही गोष्ट अनुकूल प्रत्येक पाहुण्याला सांगायचा, आणि दरवेळी मगर हातभर लांब व्हायची.

टगर म्हणायची, "दादा, अजून दोन वर्षं सांग. मगर लाँचपेक्षा मोठी होईल, मग तीच चालव."

खगेन मात्र मृधांसारखा नव्हता. बोलायचा कमी, हसायचा जास्त. जंगलातून आला की घरात पाऊल टाकायचा नाही. ओट्यावर बसून राहायचा, टगर भांग भरून बाहेर येईपर्यंत. ती मुद्दाम उशीर लावायची. आतून ओरडायची, "शेंदूर संपलाय हो, जा परत!" तो तसाच बसायचा, गालात हसत.

तो गेला त्या दिवशी माघातलं धुकं होतं. नावेत सोबत गावातला पंचानन आणि पंचाननचा चुलता. एका अरुंद खाडीच्या तोंडाशी दोरीचा खुंटा सुटला म्हणून खगेननं नावेतून एक पाय काठावर टाकला. पाण्याचा आवाज झाला, फांदी मोडल्यासारखं वाजलं, आणि मग काही नाही. दोघांनी हाका मारल्या. जंगलात माणसाला नावानं हाक मारत नाहीत, 'कू' करतात. त्यांनी घसा फुटेस्तोवर कू केलं. दुसऱ्या दिवशी बेटावरची आणखी माणसं घेऊन गेले, नावेत राहिलेला खगेनचा गमछा त्यांनी काठावरच्या झाडाला बांधला आणि परत आले. तशी रीत आहे. मामा जिथून माणूस नेतो तिथं त्या माणसाचं कापड बांधायचं, म्हणजे मागून येणारा तिथं उतरत नाही. मामा म्हणजे कोण ते सगळ्यांना कळतं. त्याचं खरं नाव इथं कुणी तोंडातून काढत नाही.

पंचानन दारात येऊन उभा राहिला तेव्हा टगरनं त्याला एकच विचारलं, "डोळ्यांनी पाहिलंस?"

"नाही वहिनी. धुकं होतं."

"मग झालं तर," टगर म्हणाली, आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

त्यानंतर सगळ्यांनी सांगून पाहिलं. पुरोहितांनी सांगितलं, सासरच्यांनी सांगितलं. अनुकूल तर बोलायला लागला की समोरच्याला ऐकावंच लागतं, पण टगरपुढं त्याचंही चाललं नाही. ती म्हणायची, "जंगलात गेलेत. आले नाहीत अजून." बस्स. तिच्या शंखाच्या बांगड्या जंगल राखणाऱ्या बनबीबीच्या देवळीत, देवीच्या पायाशी फडक्यात बांधलेल्या होत्या.

जशी सहा वर्षं गेली तशी आणखीही गेली असती. पण तिच्या लेकीला, रुमाला, स्थळ आलं.

स्थळ चांगलं होतं. मुलगा कॅनिंगला मोटारींचं काम करायचा. नाव सुबल. दारू नाही, जुगार नाही, आणि मुख्य म्हणजे जंगलात जाणारा नाही. त्याची आई बघायला आली, रुमाच्या हातचा चहा प्याली, केस बघितले, चाल बघितली, आणि उठता उठता अनुकूलला म्हणाली, "मुलगी पसंत आहे. पण एक सांगा, मुलीचा बाप आहे की नाही?"

अनुकूल म्हणाला, "म्हणजे असं बघा..."

"असं नाही आणि तसं नाही. असेल तर कन्यादानाला आणा. नसेल तर त्याचं कार्य केलेलं दिसू दे. कार्य न होता लटकलेला माणूस डोक्यावर घेऊन सून घरात यायची म्हणजे... मलाही एकच मुलगा आहे हो."

बाईचं चुकलं नव्हतं. पुरोहितांना विचारलं. ते म्हणाले, देह मिळाला नाही तर कुशाचा आणि पेंढ्याचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. मरण सहा वर्षांपूर्वीचं धरायचं, म्हणजे सुतक फाल्गुनातल्या लग्नाला आड येत नाही. पण बायकोनं आपल्या तोंडानं म्हटलं पाहिजे की माझा नवरा गेला. जिवंत बायको वाट बघत बसली असताना तिच्या नवऱ्याला जाळायचं पाप कोण घेणार?

टगर म्हणाली, "मी नाही म्हणणार."

रुमा भांडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "आई, यायचं असतं तर आता आले असते ना बाबा?" आणि उठून बांधावर जाऊन बसली. त्या रात्रीचा भात करपला, आणि टगरच्या हातून कधी काही करपत नाही.

मग अनुकूलनं ठरवलं, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. घरात मोठा कोण? तो. त्याला वाटलं, टगरनं ती जागा पाहिली नाही, गमछा पाहिला नाही, म्हणून तिचं मन धरून बसलंय. डोळ्यांनी बघेल तर सोडेल. अडचण एकच होती. पंचानननं बांधलेला गमछा दोन वादळांआधीच उडून गेला होता. झाडसुद्धा अर्धं राहिलं होतं.

आता दुसरा असता तर हात टेकून बसला असता. पण अनुकूलचं डोकं चालतं. मधल्या वारी पाहुणे नसताना तो लाँच डिझेल भरायला घेऊन गेला, परत येताना वाट वाकडी करून त्या खाडीच्या तोंडाशी आला. पूर्ण भरती होती, फांद्या पाण्याला टेकल्या होत्या. खांद्यावरचा स्वतःचा गमछा काढून त्यानं आकड्याच्या काठीनं फांदी जवळ ओढली आणि घट्ट गाठ मारली. हाटात नवा मिळाला असता, पण सहा वर्षांपूर्वीचं कापड नवंकोरं कसं दिसेल? ह्याचा रंग उडालेला, काठ विरलेला, शिवाय लाल चौकडीचा. तसला गमछा बेटावरच्या प्रत्येक माणसाच्या खांद्यावर असतो. अनुकूल आपल्यावरच खूश झाला.

लाँच वळवल्यावर मात्र त्याचा खांदा गार पडला. नुसता गमछा नव्हता म्हणून, असं त्यानं मनाला सांगितलं. त्या दिवसापासून चाकापाशी उभा असताना तो दोनदा-तीनदा मागं वळून बघायला लागला. मागं काही नसायचं.

लाँचचा स्वयंपाकी सुट्टीवर गेला होता. अनुकूल टगरला म्हणाला, "या शनिवारी तू चल. मालकानं तुझ्या हातचं खेकड्यांचं कालवण खाल्लंय, तोच म्हणाला बहिणीला आण."

"मी नेमात आहे दादा."

"लाँचवरची चूल दुसऱ्याची. दुसऱ्याच्या चुलीला तुझा नेम कसा लागेल? आणि लाँच काही जंगलात शिरत नाही, काठाकाठानं जाते."

टगरनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "चल, येते. मला बघू तरी दे, एवढं मोठं आहे तरी किती, की माणूस वाट विसरला."

शनिवारी पाहुणे चढले. त्यांच्यात सेनबाबू म्हणून एक नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ, गळ्यात केवढी तरी दुर्बीण. सोबत त्यांची बायको. पायरीवरून चढता चढताच सेनबाबू म्हणाले, "काय हो, वाघ दिसेल ना नक्की?"

लाँचवरची चार माणसं एकदम नदीकडं बघायला लागली. निरंजन, गावातलाच गाइड, हात जोडून म्हणाला, "बाबू, तेवढं नाव घेऊ नका. मामा म्हणा. तुमचा नाही झाला तरी आमचा मामा आहे."

"बरं, मामा दिसतील ना?"

"मामांची मर्जी. मागच्या खेपेच्या पाहुण्यांना दिसले. एक बाई तर म्हणाली, माझ्या नवऱ्यासारखे आहेत, दिवसभर झोपून."

सेनवहिनी मोठ्यानं हसल्या. "मग मला कशाला आणलंत? घरी बघते की मी रोज!"

दिवस चांगला गेला. ओहोटीनं काठ उघडे पडले होते, चिखलातून वर आलेल्या टोकदार मुळांमधून चितळांचा एक कळप पाय उचलून उचलून टाकत पाण्यापाशी आला. निवट्या चिखलावर उड्या मारत होत्या. एका वळणावर मोठी मगर जबडा उघडून ऊन खात पडली होती. अनुकूलनं लगेच टगर आणि पातेल्याची गोष्ट सुरू केली, आणि टगर खालून ओरडली, "वहिनी, निम्म्यावर विश्वास ठेवा! पातेलं खरं आहे, मगर दादाची आहे!" पाहुणे पोट धरून हसले. दुपारी भेटकी माशाचं कालवण, वांग्याची कापं, डाळ. सेनबाबूंनी तीनदा भात घेतला.

टगर हात धुऊन कठड्यापाशी येऊन उभी राहायची. दोन्ही बाजूंनी हिरवी भिंत, एकसारखी. खाडीतून खाडी फुटते, तिच्यातून तिसरी, आणि सगळ्यांची तोंडं जुळ्या भावंडांसारखी. ती बघत राहायची. एकदा निरंजनला म्हणाली, "आत माणूस राहू शकतो?"

निरंजनला कळलं ती काय विचारतेय. त्यानं विडी विझवली. "गोडं पाणी नाही वहिनी," एवढंच म्हणाला.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर अनुकूलनं लाँच त्या वाटेला घातली. रोजची वाट नव्हती, पण चाक त्याच्या हातात. टगर पाहुण्यांना चहा द्यायला वर आली होती, तेवढ्यात निरंजननं काठाकडं हात केला, आणि हात तसाच राहिला.

"ते लाल काय हो तिकडं?" सेनबाबूंनी विचारलं.

निरंजननं टगरकडं बघितलं, मग हळू आवाजात पाहुण्यांना रीत सांगितली. फोटो काढायला उचललेले दोन हात खाली आले. मग निरंजन अनुकूलपाशी येऊन कुजबुजला, "अनुकूलदा, हे कुठनं आलं? वादळात उडालं होतं ना?"

"वरच्या फांदीवरचं खालच्या फांदीला अडकलं असेल. तुझं लक्ष पाहुण्यांच्या बक्षिसीत, झाडाकडं कधी बघतोस?"

"इथून जाताना दरवेळी बघतो की."

"मग आज नीट बघ."

सेनवहिनींना यातलं काही ठाऊक नव्हतं. शेजारी उभी असलेली बाई एकटक बघतेय, म्हणून त्यांनी दुर्बीण तिच्या हातात दिली. "घ्या ना. डोळ्याला लावा, अशी."

टगरनं दुर्बीण डोळ्याला लावली. अनुकूलनं इंजिन मंद केलं. त्याचा ऊर भरून आला होता आणि त्याला आतून बरंही वाटत होतं, कारण त्याचं म्हणणं खरं होत होतं. टगरचा चेहरा पांढरा पडला. ती खूप वेळ बघत राहिली. मग दुर्बीण पुसून सेनवहिनींना परत दिली, चहाचे रिकामे कप गोळा केले आणि खाली गेली. अनुकूलला वाटलं, रडायला गेली. रडू दे.

थोड्या वेळानं ती वर आली, चाकापाशी, दोघंच होते तिथं.

"दादा, तुझा गमछा कुठाय?"

"कुठला?"

"किती आहेत तुझ्याकडं? इंजिनाच्या नळीला लागून भोक पडलं होतं, मी निळ्या दोऱ्यानं शिवलं होतं. तो."

अनुकूलच्या डोक्यातून ते भोक साफ गेलं होतं. पुरुषाला कपड्यावरचं ठिगळ कुठं दिसतं? "पाण्यात पडला," तो म्हणाला.

"कुठल्या पाण्यात?"

तीन तालुक्यांत ज्याचं तोंड कुणी बंद करू शकलं नव्हतं, त्यानं चाक उगाच डावीकडं घेतलं, उजवीकडं घेतलं.

"तू बांधलास," टगर म्हणाली.

"रुमासाठी. तुला डोळ्यांनी बघायचं होतं ना? खरा उडून गेला, मी काय करू? पण जागा तीच आहे टगरी, देवीची शपथ. तो तिथूनच गेला. कापड खोटं असलं तरी गोष्ट खोटी नाही."

"नवा का नाही घेतलास हाटातून?"

"नवा असता तर तू ओळखलं असतंस."

"आणि जुना बांधलास म्हणून ओळखलं नाही मी! वा रे शहाण्या!" ती हसली, पण ते हसणं अर्ध्यातच मोडलं. तिनं कठडा धरला. "जित्या माणसाचं कापड, दादा. त्या जागेवर. मामाच्या दारात आपलं नाव बांधून आलास तू."

"मला काय होतंय? मी कुठं लाँचवरून उतरतो."

"तेही उतरले नव्हते. एक पाय टाकला होता."

अनुकूलचा खांदा पुन्हा गार पडला, आणि या खेपेला त्याला मनाला काही सांगता आलं नाही. "पुढच्या वारी जाऊन सोडून आणतो," तो म्हणाला.

"तिथं बांधलेलं सोडत नाहीत. माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक आहे."

ठाऊक होतं. त्या जागेवरचं कापड सोडणारा घरी पोचत नाही, असं बेटावरचं शेंबडं पोरही सांगतं. ते वाऱ्यानंच न्यायचं असतं.

मागं खाडीचं तोंड लहान होत चाललं होतं. टगर तिकडं बघत होती. मग तिनं विचारलं, लहानपणी विचारायची तसं, "दादा, त्या जागेवर कापड कुणाचं असतं?"

"जो गेला त्याचं."

"आणि तिथून गेला कोण?"

अनुकूलला कळलं. जे ऐकायला त्यानं एवढा खटाटोप केला होता तेच ती म्हणणार होती, आणि आता त्याला ते ऐकायचं नव्हतं. "नको टगर," तो म्हणाला. "असं नको. तुला पटलं नसताना नको."

"सहा वर्षं सांगत होतास ना, गेला, गेला? मग आता नको का?"

"रुमाचं मी दुसरीकडं बघतो. दहा स्थळं आणीन. अनुकूल मृधाची भाची आहे ती."

"रुमाचं नाही बोलत मी. तिथं एकच कापड लटकलंय. ते एकाच माणसाचं असणार. त्यांचं, नाहीतर तुझं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्याकडं दोनच होते. एकाची वाट बघत मी सहा वर्षं काढली. दुसऱ्याची नाही काढता येणार मला."

अनुकूलच्या डोळ्यांपुढची नदी पुसट झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं लाँच सरळ पाण्यात वाकडी चालवली, आणि खाली कुणाच्या तरी हातातला कप फुटला.

टगर पाहुण्यांमध्ये गेली. निरंजन कठड्याला टेकून उभा होता. ती त्याच्यापुढं जाऊन सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "निरंजन, ऐक. तो गमछा रुमाच्या बापाचा आहे. मी दुर्बिणीतून पाहिला. त्यावर निळ्या दोऱ्याचे टाके आहेत, ते माझ्या हातचे आहेत. माझा नवरा गेला. गावात जाऊन सांग."

निरंजननं मान खाली घातली. त्याला काय कळलं, किती कळलं, देवीला माहीत. "बरं वहिनी," तो म्हणाला. सेनवहिनींनी पुढं होऊन टगरचा हात धरला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्या हातात बांगडी नाही. मोडायला, पुसायला टगरच्या अंगावर काही नव्हतंच. म्हणून ती नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "सोडा वहिनी, मासे मीठ-हळद लावून ठेवलेत, खराब होतील," आणि खाली गेली.

संध्याकाळी घाटावर उतरताना ती अनुकूलला हळूच म्हणाली, "तूही हेच सांगायचं. घरात वहिनीलाही. मनातसुद्धा दुसरं आणायचं नाही."

फोनवरून बातमी लाँचच्या आधी गावात पोचली होती. लोक अनुकूलला म्हणाले, "जमवलंस गड्या! सहा वर्षांत कुणाला जमलं नाही ते तू दोन दिवसांत केलंस." सुबलच्या आईनं निरोप धाडला, फाल्गुनातली तारीख काढा. एरवी असल्या बोलण्यावर अनुकूल तासभर तरी बोलला असता. तो नुसता हं म्हणाला आणि घरात गेला. खांद्यावर टाकायला त्यानं नवा गमछा घेतला नव्हता.

कार्याच्या दिवशी सकाळी टगरनं बनबीबीच्या देवळीतलं फडकं सोडलं. बांगड्या चढवल्या. डोक्याला तेल लावलं, केस विंचरले, भांग ठसठशीत भरला. बायका तिच्या भोवती बसल्या होत्या. आईला असं शेवटचं कधी पाहिलं होतं ते रुमाला आठवत नव्हतं. ती बघत राहिली आणि मग तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली. टगर आरशात बघून म्हणाली, "केस पांढरे झाले की गं." थोडा वेळ ती तशीच बसली, दाराकडं तोंड करून. मग उठून घाटावर गेली आणि बायकांनी जे करायचं ते केलं. शंखाच्या बांगड्या दगडावर फुटल्या. पाण्यानं शेंदूर गेला, पण सगळा गेला नाही, कपाळाच्या कडेला लालसर राहिला.

पुतळा नदीकाठी ठेवला होता. पेंढ्याचं अंग, नारळाचं डोकं, वर पांढरं कापड. बायकांनी तिथं थांबायचं नसतं, पण टगर हलली नाही. पुरोहित म्हणाले, "हिला घेऊन जा कुणीतरी." अनुकूल म्हणाला, "राहू दे तिला." ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

खगेनच्या पुतण्यानं अग्नी दिला. पेंढा कोरडा होता, भर्रकन पेटला. पुरोहितांनी गेलेल्याचं नाव घ्यायला सांगितलं, पुतण्यानं घेतलं. त्याच्या मागून टगरनं घेतलं. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, टगरनंही जन्मात घेतलं नव्हतं. "खगेन गायेन," ती म्हणाली. पुरोहित पुढच्या मंत्राला लागले तरी ती म्हणतच राहिली, न रडता, एकेक अक्षर सुटं करून, आगीला नीट ऐकू जावं अशी. "खगेन गायेन. हरिपद गायेनचा मुलगा खगेन. रुमाचा बाप खगेन. दुसरा कुणी नाही."

तिनं अनुकूलचं मनगट धरलं होतं. लहानपणी पाण्यात ओढ लागली की धरायची तसं, नखं रुतवून. आगीची झळ अंगावर यायला लागली तशी बाकीची माणसं मागं सरकली. ती सरकली नाही, आणि दादाला आगीकडं एक पाऊलही जाऊ दिलं नाही. नारळ फुटला, कापडाची राख उडाली, भरतीचं पाणी येऊन काळ्या पेंढ्याला लागलं. शेवटची ठिणगी विझेपर्यंत तिनं दादाचं मनगट सोडलं नाही.